पाहुण्यांची शाळा आणि घरची मुले

गेल्या वैशाखात आमच्या घरी एक आंतर्देशीय पत्र आले. आजच्या काळात पोस्टाने पत्र येणे हीच मुळी एक घटना. त्यातून ते अमरावतीहून, आमच्या मातोश्रींच्या हातचे, आणि आमच्या चिरंजीवांच्या नावे आलेले. चिरंजीवांचे वय नऊ. शाळेत हिंदी हा विषय असल्यामुळे देवनागरी अक्षरे त्यांस लागतात, म्हणून मोठ्या कौतुकाने आम्ही पत्र त्यांच्याच हाती दिले आणि मोठ्याने वाचावयास सांगितले. ‘चि.’ या पहिल्याच ठिकाणी स्वारी अडखळली. ते आम्ही समजावून दिले. पुढे ‘बा’ वाचले आणि गाडी पुन्हा थांबली. पुढच्या अक्षरावर बोट ठेवून त्यांनी आम्हांस विचारले, “बाबा, ये इन्फिनिटी है क्या?”

ते अक्षर ‘ळ’ होते. शब्द होता ‘बाळ’. घरात आम्ही त्यास याच नावाने हाक मारतो आणि नऊ वर्षे तो त्या हाकेला ओ देत आला आहे. मात्र आपले नाव कसे लिहितात हे त्याला ठाऊक नव्हते. हिंदीच्या पुस्तकातील वर्णमालेत ‘ळ’ नाही, इंग्रजीत तो असण्याचा संभवच नाही, आणि तिसरे पुस्तक त्याच्या हाती कोणी दिलेले नव्हते. घरातील मंडळी हसली. आम्हीही हसलो. रात्री मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली, आणि पुढील मजकूर त्या लाजेतून लिहिला आहे हे आरंभीच सांगून टाकतो. वाचकांनी यात पांडित्याची अपेक्षा करू नये. अपराध्याचा जबाब म्हणून वाचावे.

मुलाची शाळा आम्हीच निवडली. तिचे नाव येथे घेत नाही, कारण दोष तिचा नाही. तिने जे विकावयास मांडले ते आम्ही राजीखुशीने विकत घेतले. दुर्ग आणि भिलाई यांच्या परिसरात, तसेच रायपूरच्या रस्त्याला, ज्या शाळांच्या कमानीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द झळकतो त्यांपैकी ती एक आहे. तिच्या आवारात परदेशी मूल आम्हांस आजवर एकही दिसले नाही. मुले आहेत ती छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, बिहारी आणि आपली मराठी. शिक्षकही इकडचेच. मग आंतरराष्ट्रीय ते काय? आम्हांस तीन गोष्टी सापडल्या: पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना मुलांच्या गळ्यात बांधलेला टाय, शुल्काचा आकडा, आणि आवारात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलू नये हा दंडक. पहिल्या दोहोंविषयी आमची विशेष तक्रार नाही. टाय सुटतो आणि शुल्क एकदाचे भरले म्हणजे विसरते. तिसऱ्या गोष्टीविषयी मात्र बोलणे प्राप्त आहे.

आंतरराष्ट्रीय शाळा ही वस्तू मुळात निघाली कशासाठी? पहिले महायुद्ध संपल्यावर जिनीव्हास राष्ट्रसंघाचे कार्यालय आले. देशोदेशींचे अधिकारी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच बदलीवर आलेले नोकरदार, बायकामुलांसह तेथे राहू लागले. त्यांच्या मुलांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला, आणि 1924 साली त्या अधिकाऱ्यांनीच पुढाकार घेऊन जिनीव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा काढली. आपल्याकडील उदाहरणे याहून जुनी आहेत. कोडाईकनालच्या डोंगरावर 1901 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘हायक्लर्क’ नावाची शाळा स्थापन केली. आज तीच कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल म्हणून प्रसिद्ध आहे. मसुरीची वुडस्टॉक शाळा त्याहून अर्ध्या शतकाने जुनी. कोडाईकनालला मदुरेकडे काम करणाऱ्या मिशनऱ्याचा मुलगा इंग्रजीतून शिके तो इंग्रजी ही जगाची भाषा म्हणून नव्हे. ती त्याच्या आईची भाषा होती. त्याचे आजोबा-आजी ज्या भाषेत पत्रे लिहीत, रविवारच्या प्रार्थना ज्या भाषेत होत, आणि पुढे ज्या महाविद्यालयांत त्याला परत जावयाचे होते, त्या सर्वांची भाषा ती. मुलगा परमुलखात वाढला तरी घरी परतताना परका होऊन परतू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

ही भीती निराधार नव्हती. रुडयार्ड किपलिंग मुंबईस 1865 साली जन्मला. लहानपणी तो नोकरमाणसांशी त्यांच्या भाषेत बोले, मनातही तीच भाषा घोळवी, आणि आईबापांसमोर जाताना “आता इंग्रजीत बोल” अशी त्याला आठवण द्यावी लागे. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. वयाच्या सहाव्या वर्षी त्याची इंग्लंडास रवानगी झाली. त्या लोकांच्या राज्यकारभाराविषयी आमच्या मनात काडीचेही प्रेम नाही. तथापि आपल्या मुलाची जीभ आपल्या घराला पारखी होत आहे हे त्यांना दिसे आणि दिसल्यावर ते स्वस्थ बसत नसत, एवढे श्रेय त्यांस दिले पाहिजे.

यासाठी मसुरी-कोडाईकनालपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आम्ही राहतो त्या भिलाईतच याहून बोलके उदाहरण घडून गेले आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टनांचा कारखाना भाताच्या खाचरांवर उभा राहिला. तो उभारावयास सोव्हिएत तज्ज्ञ आपले कुटुंबकबिले घेऊन येथे येऊन राहिले. पुढील विस्तारांच्या वेळीही आले. त्यांच्या वस्तीच्या, थंडीत शर्टावर फिरणाऱ्या त्यांच्या पुरुषांच्या, बाजारात बोटे दाखवून वांगी घेणाऱ्या त्यांच्या बायकांच्या आठवणी जुनी मंडळी अजून सांगतात. 1972 साली उभारलेली मैत्री बाग त्या स्नेहाची खूण म्हणून आजही गजबजलेली असते. त्या वस्तीतील मुलांना शिकविले जाई ते रशियन भाषेतून. बापाचा मुक्काम दोन-चार वर्षांचा. त्यानंतर मुलगा आपल्या गावच्या वर्गात जाऊन बसावयाचा. तेव्हा त्याची भाषा, त्याचे गणित, त्याचा इतिहास यांत खंड पडता कामा नये, इतका साधा हिशेब. हा कारखाना चालतो हिंदीत, कागद लिहिले जातात इंग्रजीत, भोवतालचे गाव बोलते छत्तीसगढी. तरीही भिलाईत राहून इंग्रजी आली नाही तर पोराचे कसे होईल, ही चिंता त्या रशियन बापाला शिवली नाही. जे यंत्र तो येथे बसवीत होता ते इंग्रजीवाचून चालत होते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षांत भिलाईचे शेकडो भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत गेले. पंचविशी-तिशीचे ते तरुण, त्यांत मराठीही होते. गरज पडताच रशियन शिकले आणि काम करून आले. त्यांच्यापैकी कोणी बालवर्गापासून रशियन माध्यमात गेलेला नव्हता. परकी भाषा मोठेपणी गरजेने येते याचा हा पुरावा आमच्या अंगणातला आहे, आणि आम्ही तो दृष्टीआड केला आहे.

आता आपण काय केले ते पाहा. पाहुण्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेली शाळा आपण पाहिली, तिची कमान, तिचा गणवेश, तिचे घोड्यांचे तबेले आपल्याला आवडले, आणि आपण तिची नक्कल घरच्या मुलांसाठी केली. नक्कल करताना एकच गोष्ट उलटी झाली. पाहुण्यांच्या शाळेत मुलाच्या आईची भाषा आत होती आणि परक्यांची बाहेर. आपण परक्यांची आत घेतली आणि आईची फाटकाबाहेर उभी केली. ती शाळा परतीच्या वाटेसाठी होती. आपल्या शाळेतून परतीची वाटच निघत नाही. तेथून रस्ता जातो तो हैदराबाद, बंगळूर आणि त्यापलीकडे विमानतळ.

यावर कोणी म्हणेल, “तुमचे म्हणणे जुने झाले. आजची आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे मिशनऱ्यांची शाळा नव्हे.” खरे आहे, म्हणून खऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाकडेच वळू. ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही परीक्षा चालविणारी संस्था 1968 साली जिनीव्हासच स्थापन झाली. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात 1997 साली निघालेल्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजात हीच परीक्षा देतात. तिच्या पदविका अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने आपल्या सर्वोत्तम भाषेतील साहित्य अभ्यासावे अशी योजना आहे, आणि त्या भाषेचा शिक्षक शाळेत नसेल तर शाळेच्या साहाय्याने विद्यार्थ्याने स्वाध्यायाने ते साहित्य अभ्यासावे, त्याची परीक्षा घेतली जाईल, अशीही सोय आहे. म्हणजे अस्सल मालात आईच्या भाषेला जागा आहे, शिक्षक नसला तरीही आहे. ती जागा बुजविली आहे नकली मालात, आणि बुजविणारे जिनीव्हाचे नाहीत. ते आपणच आहोत.

या लेखाचे वाचक बहुधा आमच्यासारखेच आहेत: रेल्वेत, आयकरात, लेखापरीक्षणात, बँकेत, पोलाद कारखान्यात, महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर असलेले. त्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन आक्षेप ठरलेले असतात. त्यांचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण हे दोन्ही आक्षेप आम्हीही वर्षानुवर्षे घेत आलो आहोत.

पहिला आक्षेप बदलीचा. आज दुर्ग, उद्या राउरकेला, परवा बोकारो. मुलाला स्थानिक भाषेच्या शाळेत कसे घालावे? इंग्रजी माध्यम तेवढे सगळीकडे सारखे. ही अडचण खरी आहे. ती ओळखूनच केंद्र सरकारने साठीच्या दशकाच्या आरंभी केंद्रीय विद्यालये काढली, आणि बदलीवाल्यांच्या मुलांवर त्यांचे मोठे उपकार आहेत. परंतु या आक्षेपातून जे सिद्ध होते ते एवढेच, की मुलाचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी असावे. मुलाला मराठी येऊ नये, हे त्यातून कसे सिद्ध होते? बदलीत शाळा बदलते, घर बदलते, दूधवाला बदलतो. न बदलणारी एकच गोष्ट सामानाबरोबर जाते, ती म्हणजे घरातील भाषा. बदली हे मराठी सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट मराठी घट्ट धरण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे, कारण बदलत्या मुलखात मुलाला दुसरे कोणते गाव असणार?

दुसरा आक्षेप पोटाचा. इंग्रजीवाचून पुढे निभाव नाही. कबूल, कोणी निभाव लावा म्हणतही नाही. आम्ही इंग्रजी शाळा बंद करावयास सांगत नाही, मुलाला त्या शाळेतून काढावयासही सांगत नाही. आम्ही स्वतः काढलेले नाही. आमचे म्हणणे फार लहान आहे. आठवड्यातील दोन-तीन तास. आईची भाषा वाचता आणि लिहिता यावी एवढी शिदोरी. पोटासाठी मुलाच्या तोंडात इंग्रजी घालणारे आपण, आजीचे पत्र वाचण्यापुरता ‘ळ’ घालावयास मात्र वेळ नाही म्हणतो, हे आम्हांस आता पटत नाही. पियानोला वेळ आहे, अबॅकसला आहे, आठवीपासूनच्या शिकवणीवर्गाला तर पहाटेपासून आहे.

आक्षेप नव्हे, पण एक मनोवृत्ती आहे, आणि तिच्यावर अधिक बोलावेसे वाटते. आपण या मुलखात स्वतःला परदेशस्थ समजतो. ‘आम्ही बाहेर आहोत’, ‘इकडची माणसे’, ‘आपल्याकडे’ ही आपली बोलण्याची रीत पाहा. वास्तविक दुर्ग हा परदेश कधी झाला? 1741 साली रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत या प्रांतात आला. 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा मुलूखही त्याबरोबरच इंग्रजांकडे गेला. त्या राज्याच्या आठवणी येथील रयतेला सर्वस्वी गोड वाटाव्यात असे काही नव्हते, आणि ते मिरविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. सांगावयाचे ते असे, की पुढे शंभर वर्षे दुर्ग आणि नागपूर एकाच कारभाराखाली राहिले, मध्यप्रांताच्या कचेऱ्यांत मराठी व हिंदी शेजारी बसून काम करीत, आणि 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत दुर्गच्या माणसाची राजधानी नागपूर होती. आजही दुर्गहून सकाळी गाडीत बसावे, राजनांदगाव, डोंगरगड मागे टाकावे, दरेकसाच्या डोंगरात शिरावे, की सालेकसा, आमगाव, गोंदिया अशी मराठी मुलखाची स्थानके लागतात, दुपारपर्यंत नागपूर. ही विलायत नव्हे.

या मुलखात पूर्वी मराठी माणसे कशी राहिली? माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. घरची भाषा मराठी. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले, समर्थांचा ‘दासबोध’ही नेला, आणि 1924 साली हिंदी साहित्य संमेलनाने त्यांस अध्यक्षपद दिले. मराठी पक्की होती म्हणून त्यांच्यापाशी हिंदीला देण्यासारखे काही होते. गजानन माधव मुक्तिबोध 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. त्या काळी राजनांदगाव दुर्ग जिल्ह्यातच होते. हिंदी कवितेत त्यांचे स्थान कोठे आहे हे सांगण्याची गरज नाही; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व समीक्षक, 1979 सालच्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. एका आईची दोन मुले, दोन भाषांत उभी राहिली, आणि दोन्ही भाषा धन्य झाल्या. अशा घराची आम्हांस असूया वाटते. आमच्या घरात एकच मूल आहे आणि ते तीन भाषांच्या उंबरठ्यावर बसून आहे; आत कोणत्याच भाषेत गेलेले नाही.

कारण हानी एकट्या मराठीची झालेली नाही. आमच्याकडे कामास येणाऱ्या मावशी मुलाशी छत्तीसगढीत बोलतात. “का करत हस?” असे त्या विचारतात आणि चिरंजीव शाळेतून आणलेल्या इंग्रजीमिश्रित हिंदीत उत्तर देतात. छत्तीसगढीला 2007 साली या राज्याच्या राजभाषेचा मान मिळाला. आमच्या मुलाला तिच्यातील दहा वाक्ये येत नाहीत, आणि ती यावीत असे शाळेला वाटत नाही, आम्हांसही कधी वाटले नव्हते. किपलिंगच्या बालपणी साहेबाच्या पोराला निदान आयाची भाषा येत होती. आमचे पोर त्याहून अधिक साहेब झाले आहे.

आता आमच्या वाचकांच्या खास अधिकारातील एक गोष्ट. आपण सारे कागदावर जगणारे लोक. कोणता नियम कोणत्या परिपत्रकात आहे, भत्ता कोणत्या तारखेपासून लागू, हे आपल्याला झोपेतून उठविले तरी सांगता येते. मग पुढील कागद आपल्या नजरेतून कसे निसटले? ऑगस्ट 1949 मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले, की प्रादेशिक भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली मुले शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा असली, तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी शिक्षक नेमावा. पुढे सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ‘350 अ’ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी राज्याने व स्थानिक संस्थांनी झटावे, असे ते सांगते. ही दुरुस्ती अमलात आली ती तारीख 1 नोव्हेंबर 1956. म्हणजे ज्या दिवशी दुर्गची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली, त्याच दिवशी दुर्गच्या मराठी मुलाला घटनेने हे छत्र दिले. शिवाय कलम 30 प्रमाणे अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क आहे तो वेगळाच. एवढे सारे असून, आम्ही पदोन्नतीसाठी तीन अभिवेदने पाठविली, घरभाड्यासाठी दोन, आणि मुलाच्या भाषेसाठी एकही नाही. आपणांपैकी कोणी पाठविले असल्यास आम्ही त्यांची क्षमा मागतो.

हे कलम खाजगी शाळेला बांधीत नाही, असा शेरा कोणीतरी मारीलच. बरोबर आहे, बांधीत नाही. पण जी शाळा शुल्कावर चालते तिला दहा पालकांची एकत्र सही घटनेच्या कलमाहून अधिक कळते. टेनिससाठी प्रशिक्षक पाहिजे असे दहा पालकांनी लिहून दिले तेव्हा महिन्याच्या आत प्रशिक्षक आला, हे आम्ही पाहिले आहे.

सही करावयास हात पुढे येत नाही. उत्साह मात्र आपल्यात भरपूर आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. 2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय झाला, गदारोळ उठला, आणि जूनअखेर शासनाने ते आदेश मागे घेतले. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या मराठी मंडळींच्या भ्रमणध्वनीवर मातृभाषेच्या रक्षणाचे जे संदेश फिरले त्यांस गणती नाही. त्यांपैकी बरेच रोमन लिपीत होते. मुंबईच्या मुलांच्या मराठीसाठी दुर्गात बसून आमचा जीव तळमळला. आमच्या पुढच्या खोलीत बसलेल्या मुलाच्या मराठीचे काय, हे कोणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःस विचारले नाही.

येथून हजारो कोस दूर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात. सुट्टीच्या दिवशी आईबाप मोटारीने मुलांना तेथे पोचवितात. घरचीच कोणी काकू, कोणी काका शिकवितात. पुण्याच्या भारती विद्यापीठाचे त्या अभ्यासक्रमास साहाय्य आहे. जपानी लोकांची तर ही जुनी शिस्त आहे: जेथे त्यांच्या पूर्ण शाळा नाहीत तेथे मूल पाच दिवस स्थानिक शाळेत जाते आणि शनिवारी जपानी शाळेत. तेव्हा न्यू जर्सीतील मराठी पोर ‘ळ’ गिरविते आणि दुर्गचे, नागपूरपासून चार तासांवर राहून, त्यास इन्फिनिटी म्हणते. अमेरिकेतील माणसाला आपण परदेशात आहोत हे पक्के कळलेले आहे, म्हणून तो झटतो. आमची गत अशी, की खर्च करताना आम्ही परदेशस्थ, आणि कष्टाची वेळ आली की ‘आपण काय, येथलेच’.

पत्राचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. ते आम्हीच वाचून दाखविले. त्यात विशेष काही नव्हते: अंगणातील आंब्याला यंदा मोहोर बरा आला होता, मांजरीला तीन पिल्ले झाली, आणि सुट्टीत आलास म्हणजे तुझ्या हातून मला उत्तर पाहिजे, असे शेवटी होते. चिरंजीवांनी उत्तर लिहिण्याचे कबूल केले आणि आम्हांस म्हणाले, “तुम्ही सांगा, मी इंग्लिशमध्ये टाइप करतो.”

त्याच आठवड्यापासून रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात सतरंजी पसरली जाते. पहिल्या रविवारी दोन मुले होती, त्यांतील एक घरचे. आता सहा येतात. आमच्या सौभाग्यवती शिकवितात, आणि फळा म्हणून कपाटाचे जुने दार आहे. याबरोबरच आम्ही एक अर्ज लिहिला. शाळेच्या प्राचार्यांस उद्देशून, अदबीने, इंग्रजीतच: आठवड्यातून दोन तासिका मराठीस द्याव्यात, शिक्षिकेचे मानधन पालक देतील. शाळेतील चौथी-पाचवीच्या वर्गांत मराठी घरची मुले आम्ही मोजली, चौदा भरली. अर्ज घेऊन आम्ही संध्याकाळी घरोघर जातो. चहा सगळीकडे मिळतो. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मसुद्यातील व्याकरणाच्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या आणि सही करण्यापूर्वी विचार करतो म्हणाले. दुसऱ्या घरी बाईंनी दारातच सांगितले, की मुलाचे लक्ष विचलित होईल. तिसऱ्या घरातील आजोबांनी पालक नसतानाही सही केली, ती आम्हांस खोडावी लागली.

आजपर्यंत सह्या सात झाल्या आहेत. प्राचार्यांनी दहा झाल्यावर या असे सांगितले आहे, आणि नवे सत्र सोळा जूनला सुरू होते.